माशाच्या तेलाच्या गोळीने कॅन्सर टळतो का?

कर्वेनगरकर: आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपात सध्या एकच पालुपद: माशाच्या तेलाची गोळी रोज घ्या, कॅन्सर फिरकणार नाही. हिने लगेच डबा आणला. पुढे ठळक १००० मिग्रॅ, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२० (ही दोन्ही माशातल्या ओमेगा-३ चरबीची रूपं). म्हणजे कामाचं ३००, उरलेलं नुसतं तेल!
माझं मत, कॅन्सरसाठी असेल तर पैसे पाण्यात. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते, ओमेगा-३ ची रोज १ ग्रॅमची गोळी, साधारण ५ वर्षं. निकाल २०१८ मध्ये आला: गोळीवाल्यांत कॅन्सर ८२० जणांना, नकली (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांत ७९७.

बांगडा_फ्राय: पाच वर्षांत काय डोंबल कळणार? आतड्यातल्या गाठीचा कॅन्सर व्हायला दहा-दहा वर्षं जातात. ईपीएने दाह कमी होतो, एवढं तरी मान्य कराल?

कर्वेनगरकर: दाहाचं मान्य. पण मग गाठी तरी कमी दिसायला हव्या होत्या ना? इंग्लंडातल्या 'सीफूड' चाचणीत (नाव खरंच तेच आहे) ७०९ जण होते. ईपीए रोज २ ग्रॅम. वर्षाने दुर्बीण घालून पाहिलं, तर गाठी सापडलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच.

बांगडा_फ्राय: आणि डाव्या बाजूच्या आतड्यातल्या गाठी माणशी कमी निघाल्या, ते सोयीस्कर गाळलंत! दार अजून बंद झालेलं नाही, साहेब.

कर्वेनगरकर: बरं, किलकिलं आहे म्हणू. पण तेवढ्यावर दरमहा डबा?

जवस_चटणी: आम्ही मासे खात नाही. जवसात ओमेगा-३ असतं ना? मग भाकरीबरोबर चटणी पुरे की.

बांगडा_फ्राय: ताई, जवसातलं एएलए, म्हणजे ओमेगा-३ चं वनस्पतींतलं रूप. त्यातून शरीर ईपीए अगदी थोडं बनवतं. चटणी खा, पण चवीसाठी.

औषध_काउंटर: दुकानात रोज बसते म्हणून सांगते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. परवा एक आजोबा दोन्ही एकत्र मागत होते, मी तेलाचा डबा कपाटात परत ठेवला. आजोबा माझ्यावरच चिडले.

बांगडा_फ्राय: गोळीचा हट्ट माझाही नाही. श्रावण संपला की गणेश पेठेतल्या बाजारातून बांगडे, तारली आणायचे. ओमेगा-३ त्यातही भरपूर आहे, शिवाय जेवण होतं.

कर्वेनगरकर: हे पटलं. आता डबा परत घेतात का बघतो. सील हिने आधीच फोडलंय.