परदेशी विद्यापीठाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात संशोधन: होकार द्यावा का?

प्रश्न (वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा)

परदेशातील एका विद्यापीठाने नागपूरच्या संस्थेमार्फत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारणा केली आहे. चार देशांच्या ग्रामीण भागांत रक्तदाबाच्या रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करायचा असून त्यासाठी आमची तीन उपकेंद्रे हवी आहेत. यंत्रे, प्रशिक्षण आणि एक परिचारिका ते देणार आहेत. कापूस वेचणी सुरू झाली की आमचे बरेच रुग्ण गोळ्या न्यायला फिरकतच नाहीत, त्यामुळे विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. परंतु लसीकरण आणि ऑनलाइन नोंदी यांतच आशा व आरोग्यसेविका थकून जातात. असे काम केलेल्यांनी सांगावे, गावाच्या पदरात काय पडते आणि आधी काय ठरवून घ्यावे?

उत्तर १ (संशोधन समन्वयक, नागपूर)

होकार द्यावा असे माझे मत आहे, कारण काही प्रश्नांची उत्तरे एका जिल्ह्याच्या आकड्यांतून मिळतच नाहीत. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून कमी मात्रेची ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती टळते का, हे तपासणारा अभ्यास सहा देशांत, सुमारे १२,००० स्त्रियांवर झाला आणि नागपूर व बेळगावी ही त्यातली भारतातील केंद्रे होती. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा अकाली प्रसूतीचे प्रमाण ११ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. इतका बारीक फरक ओळखायला तेवढ्या स्त्रिया लागतातच.

मात्र प्रश्नावली आल्या आल्या स्वतः वाचा. मी काम केलेल्या एका अभ्यासात ‘धूम्रपान करता का?’ एवढाच प्रश्न होता. समोरचे काका हातातली खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी चोळत ‘नाही’ म्हणाले आणि नोंदही तशीच झाली. दुसरा प्रश्न होता, ‘एक जिना चढल्यावर धाप लागते का?’ त्या गावात जिना फक्त ग्रामपंचायतीला होता. आम्ही तो बदलून ‘विहिरीवरून भरलेला हंडा घरी आणताना मध्ये थांबावे लागते का?’ असा केला, पण बदलाला मंजुरी मिळेपर्यंत चार महिने गेले आणि तोवरच्या नोंदी वाया गेल्या. हे बोलणे करारापूर्वी झाले असते, तर सर्वांचेच कष्ट वाचले असते.

उत्तर २ (निवृत्त आरोग्य सहायक, गडचिरोली)

आमच्या भागात पूर्वी एक प्रकल्प झाला. मुदत संपली त्या आठवड्यात तपासणीची यंत्रे खोक्यांत भरून परत गेली आणि ज्यांना आम्हीच रक्तदाब असल्याचे सांगितले होते, ती माणसे उपकेंद्रात येऊन ‘आता मोजणार कोण?’ असे विचारू लागली. माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण यंत्रे केंद्रालाच राहतील असे लिहून घ्या आणि औषधे शासकीय पुरवठ्यातलीच ठेवा. आशांना वेगळा मोबदला ठरवून घ्या. ‘सहकार्य’ म्हणून फुकट राबवून घेणे त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रश्न नेहमी बाहेरूनच यावा असेही नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला आणि पुढे आशांमार्फत तीच पद्धत देशभर गेली. म्हणून तुमचा वेचणीच्या हंगामातला प्रश्न त्यांच्यापुढे जरूर मांडा.

उत्तर ३ (अध्यापक, समाजवैद्यक विभाग)

परदेशी निधी किंवा भागीदार असल्यास संस्थेच्या नैतिकता समितीबरोबरच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. रक्ताचे नमुने देशाबाहेर जाणार असतील, तर त्याचा करार वेगळा मागा. संमतिपत्र मराठीत असावे, आणि जिथे गोंडी किंवा कोलामी बोलली जाते, तिथे त्या बोलीत समजावून सांगणारे माणूस असावे. अंगठा घेताना प्रकल्पाबाहेरचा साक्षीदार हजर हवा. शोधनिबंधात आपले आणि आरोग्यसेविकांचे श्रेय कसे येईल, हेही आताच विचारा, कारण नंतर ते विचारायला संकोच वाटतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सोमवारी तीनही उपकेंद्रांच्या आरोग्यसेविकांसमोर प्रश्नावली मोठ्याने वाचणार आहे आणि नोव्हेंबर ते जानेवारी या काळात गोळ्या शेतावर पोहोचवण्याचा मुद्दा अभ्यासातच घ्यावा, असे संस्थेला लेखी कळवणार आहे. त्यांनी ते मान्य केले, तरच प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवीन.