मूल स्वतःच "मी माझ्या मर्जीनं आलोय" म्हणालं, तर ती तस्करी ठरते का?

शोधक
स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी टिपण तयार करतोय. बालमजुरी आणि बालकांची तस्करी यांतली रेघ कुठे ओढायची, यावर तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, मूल म्हणतं मी मर्जीनं आलो, आईवडीलही तेच सांगतात. दुसरं, मुलाला कुठे लांब नेलेलंच नाही. तिसरं, मारहाण नाही, कोंडून ठेवलेलं नाही, फक्त घरच्यांनी उचल घेतलीय. या तिन्हींत तस्करी म्हणायचं का? आणि शंका आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, काय टाळायचं?

कलमदान
पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार (२०००), त्याचं कलम ३ समोर ठेवा. प्रौढांच्या बाबतीत तीन गोष्टी लागतात: कृती (भरती, वाहतूक, दुसऱ्याकडे सोपवणं, आसरा देणं, ताब्यात घेणं), मार्ग (बळजोरी, फसवणूक, असहायतेचा फायदा, ज्याचा ताबा आहे त्याला पैसे चारणं) आणि हेतू, म्हणजे शोषण. १८ वर्षांखालच्यांसाठी मधला मार्ग सिद्ध करावाच लागत नाही. कृती आणि हेतू पुरे. त्यामुळे मुलाची मर्जी हा कायद्याचा प्रश्नच उरत नाही. जबाबात त्यावर पानं भरणं म्हणजे समोरच्या वकिलाला आयता मुद्दा देणं.

दुसरा प्रश्न. पाचपैकी कुठलीही एक कृती चालते, वाहतूक ही त्यातली फक्त एक. शेजारच्याच गल्लीत शोषणासाठी ठेवून घेतलं तरी झालं. प्रोटोकॉल सीमापार, संघटित गुन्ह्यांसाठी आहे असा युक्तिवाद होतो. पण संघटित गुन्ह्यांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या मूळ कराराला तो जोडलाय, त्याचं कलम ३४ सांगतं की देशाच्या कायद्यात गुन्हा ठरवताना ही अट घालायची नाही.

मात्र उलटी चूकही करू नका. प्रत्येक बालमजूर तस्करीचा बळी नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे अंदाज बघा: २०२० च्या सुरुवातीला बालमजूर १६ कोटी, तर २०२१ च्या अंदाजात सक्तीच्या श्रमातली मुलं सुमारे ३३ लाख, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त लैंगिक शोषणाच्या बाजारात. घरच्या दुकानात शाळा बुडवून बसवलेलं मूल बालमजूर आहे, त्याचीही दखल घ्यायची, पण गुन्हा वेगळा. सगळ्यांवर एकच शिक्का मारला की खटला पहिल्याच सुनावणीत ढिला पडतो.

खतावणी
तिसऱ्या प्रश्नावर. "फक्त उचल" असं काही नसतं. गुलामगिरीविरुद्धच्या १९५६ च्या पूरक करारात कर्जबंधनाची कसोटी दिलीय: केलेल्या कामाची रास्त किंमत कर्जातून वजा होत नसेल, किंवा किती काळ आणि कुठलं काम करायचं याला मर्यादा नसेल, तर ते बंधन. त्याच करारात आणखी एक प्रकार आहे जो लोक विसरतात. आईवडिलांनी किंवा पालकांनी १८ वर्षांखालचं मूल, त्याचं किंवा त्याच्या श्रमाचं शोषण व्हावं म्हणून दुसऱ्याच्या हवाली करणं. पैसे घेतले असोत वा नसोत.

म्हणून मालकाची उचल-मजुरीची वही हाती आली की आकडेमोड करा. समजा उचल १०० आहे. महिन्याची मजुरी १० लिहिलीय. त्यातून जेवण आणि राहणं ७, मोडतोड आणि खाड्याचा दंड ४. म्हणजे महिनाभर राबून कर्ज १०१. बारा महिन्यांनी ११२, व्याज न धरता. हे गणित कधीच शून्यावर येणार नसतं, आणि मालकाला ते पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. दंडाच्या नोंदी बहुतेकदा एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या दिसतात. वहीचे फोटो मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने घ्या, कोरी पानंसुद्धा. पान फाडून आणलं की पुराव्याची वाट लागली.

दडपण मुलावरच असायला हवं असंही नाही. श्रम संघटनेच्या सक्तीच्या बालश्रमाच्या व्याख्येत आईवडिलांवर टाकलेली सक्तीही धरतात, आणि आईबाप स्वतः बांधलेले म्हणून मूल राबतंय तेही धरतात. विचारायचा प्रश्न एकच: "उद्या काम सोडलंस तर कोणाला फोन जाईल?" उत्तरातून दलालही कळतो आणि धमकीही.

पायवाट
पहिल्या दिवसाचं. आधी न करायच्या गोष्टी, कारण नुकसान तिथेच होतं.

मालकाला जाब विचारू नका. तासाभरात मुलं दुसरीकडे हलवली जातात. पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. पत्ता, मुलांची अंदाजे संख्या, येण्याजाण्याच्या वेळा, गाडीचा क्रमांक एवढं लेखी द्या. स्वतः पैसे भरून मूल "सोडवू" नका. त्याच पैशांत पुढचं मूल आणलं जातं. चेहऱ्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, धूसर करूनही नाही.

दुभाषा त्याच वस्तीतला, त्याच कंत्राटदाराच्या ओळखीचा नको. ही चूक सर्रास होते, कारण ती भाषा येणारा माणूस चटकन तिथेच मिळतो.

बोलताना मुलाला एकटं बसवा. आधी कामाशी संबंध नसलेल्या विषयावर बोलतं करा, मग "तू इथे कसा आलास, सुरुवातीपासून सांग" असं उघडं विचारा. "त्यानं तुला मारलं ना?" हा प्रश्न जबाब बाद करायला पुरतो. "का" टाळा, "तू पळून का गेला नाहीस" हे मुलाला आरोपासारखं वाटतं. पाच मुलं एकच वाक्य त्याच शब्दांत सांगत असतील, तर ते पाठ करून घेतलंय. मुलाखत शक्यतो एकदाच, ध्वनिमुद्रणासह. चार खात्यांनी चारदा विचारलं की तपशील बदलतात आणि मूल खोटं ठरतं.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तपासणीआधी आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस चालतात. जबाब थांबू शकतो, हे थांबू शकत नाही.

शोधक
उत्तम. एक राहिलं: वयाचा कागद नाही, आणि मूल "मी १९ चा" म्हणतंय. तेव्हा?

कलमदान
शंका असेल तोवर मूलच धरा. मानवी तस्करीविरुद्धच्या युरोपीय परिषदेच्या २००५ च्या कराराच्या कलम १० मध्ये हाच नियम आहे, आणि युरोपबाहेरही तो वापरावा असा. १९ हा आकडा शिकवलेला असण्याची शक्यता मोठी. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवर विसंबू नका, त्यात दोन्हीकडे सुमारे दोन वर्षांची चूक येऊ शकते. म्हणजे १७ आणि १९ यांत निवाडा करण्याच्या कामाची ती नाहीच. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, भावंडांची वयं आणि त्यांच्यातलं अंतर यांतून जास्त हाती लागतं.

खतावणी
टिपणात हेही घ्या: घरी पाठवायची घाई करू नका. उचल घरच्यांनी घेतली असेल, तर मूल परतल्यावर दलाल दारात उभा राहतो आणि त्या मुलाच्या जागी धाकटं भावंड जातं. आधी घरची स्वतंत्र पाहणी, उचल कोणाच्या नावावर आहे याची लेखी नोंद, आणि थकलेल्या मजुरीचा दावा. हा दावा फौजदारी खटल्याच्या निकालावर सोडू नका, मजूर खात्याकडे वेगळा लावा. मालकाची वही तुमच्याकडे असेल तर त्याच्याच नोंदींवरून हजेरी सिद्ध होते.