सकाळी अकराची सहल आणि समुद्राचं वेळापत्रक

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद
विषय: मासेमारी सहल, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार

सप्रेम नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांची जुनी मागणी होती, म्हणून या वर्षी किनाऱ्यावरून मासेमारीची सहल काढतोय. स्थळ न्यू जर्सीतला आयलंड बीच स्टेट पार्क. वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. ज्यांच्याकडे रॉड आहेत त्यांनी आणावेत, बाकीच्यांची सोय करू. काही सुचवायचं असेल तर जरूर कळवा, फक्त ‘रिप्लाय ऑल’ जरा जपून.

आपला,
सचिव

*

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: मासेमारी सहल

सचिवसाहेब,

रिप्लाय ऑलच करतोय, कारण हे सगळ्यांनीच वाचायला हवं.

अकरा ते दोन ही वेळ हॉल बुक करायला उत्तम आहे. माशांना मात्र ती कुणी कळवलेली नाही. मी तक्ता बघितला. त्या शनिवारी ओहोटीचा तळ नेमका अकराच्या आसपास येतोय. म्हणजे आपण पोचणार तेव्हा पाणी पार मागे गेलेलं, ऊन लख्ख, आणि एवढी सगळी माणसं गुडघाभर पाण्यात गळ भिरकावणार. दोन वाजता, जेव्हा कुठे भरतीला जोर चढायला लागतो, तेव्हा आपण गाड्या भरून घरी.

या दिवसांत मासे आपल्या किनाऱ्यावर का येतात ते आधी सांगतो, म्हणजे वेळेचा हट्ट कशासाठी ते कळेल. स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, उन्हाळा मॅसॅच्युसेट्स-मेनच्या बाजूला काढतो आणि थंडीत व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्राकडे उतरतो. वाटेत आपण. पण तो सरळ रेषेत पोहत सुटत नाही, खात खात जातो. आणि त्याचं खाणं याच सुमाराला किनाऱ्यालगत सरकतं. सप्टेंबरात मलेट माशांचे थवे पुळणीला चिकटून दक्षिणेकडे निघतात. पाणी गार व्हायला लागलं की खाडीत वाढलेले तळहाताएवढे बंकर मासे ओहोटीबरोबर इनलेटमधून (खाडीच्या तोंडातून) बाहेर पडतात. नोव्हेंबर लागला की सँड ईल, बोटभर लांब, चंदेरी, सुतळीसारखे बारीक. या तिघांपैकी त्या आठवड्यात कोण हजर आहे, यावर बाकी सगळं ठरतं. महिना कुठला हे त्यामानाने कमी महत्त्वाचं. हवा गार झाली तरी समुद्र उशिरा निवतो, त्यामुळे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हाही पाणी पन्नाशीत असतं (फॅरनहाइट म्हणतोय), आणि ते या माशाला अगदी मानवतं.

हे सगळं नाटक कुठे चालतं? पुष्कळदा पहिल्या लाटेच्या मागे, पन्नास फुटांवर. आणि आपली मंडळी ताकद लावून गळ त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात.

सूचना अशी. अकराला या, जरूर या, पण रॉड गाडीतच राहू द्या. पाणी मागे गेलेलं असतं तेव्हाच किनारा वाचता येतो. वाळूचा दांडा कुठे आहे, त्याला खिंड कुठे पडली आहे, दांडा आणि पुळण यांच्यामध्ये चर कुठे खोल आहे, सगळं उघडं पडतं. पाऊलवाटेचे खांब, लाकडी कुंपण अशा खुणा धरून ठेवा. जेवा, गप्पा मारा. अडीचनंतर त्याच खुणांसमोर उभे राहू. घड्याळं तोवर हिवाळ्यासाठी तासभर मागे गेलेली असणार, त्यामुळे सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो आणि भरती पाचच्या सुमाराला पुरी होते. चढतं पाणी आणि उतरतं ऊन एकाच वेळी, याहून चांगला शनिवार मागूनही मिळायचा नाही.

अण्णा

*

प्रेषक: एडिसनकर
विषय: उत्तर: मासेमारी सहल

अण्णा,

तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे सगळं नशिबाचं खातं वाटतं. गेल्या वर्षी मीही भरती बघूनच गेलो होतो. हात दुखेपर्यंत गळ टाकला, काही नाही. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर एक गृहस्थ एकामागून एक मासे ओढत होता. तोच समुद्र, तीच भरती. शिवाय वारा सुटला तर सहल रद्द करायची की नाही तेही सांगा, बायको विचारतेय.

एडिसनकर

*

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: मासेमारी सहल

एडिसनकर,

समुद्र तोच, पण हाकेचं अंतर म्हणजे दोन वेगळ्या जागा असू शकतात. तो गृहस्थ खिंडीच्या तोंडाशी उभा असणार. भरतीचं पाणी दांड्यावरून आत येतं आणि खिंडीतून परत बाहेर जातं, बारीक मासे त्या ओढीत सापडतात, मोठा मासा कडेला तोंड करून उभा राहतो. त्याला धावपळ करायची गरज नसते. तुमच्या समोर लाट एकसारखी फुटून पांढरी होत होती का? मग तिथे दांडा, पाणी उथळ. त्याच्या समोर लाट फुटता फुटता विरत होती आणि पाणी गडद हिरवं होतं का? तिथे खोली. पुढच्या वेळी रॉड जोडण्याआधी पाच मिनिटं नुसतं हेच बघा.

दुसरं, त्याच्या दोरीला काय होतं ते बघितलंत का? नोव्हेंबरात पुष्कळ जण हातभर लांब, जाडजूड लाकडी प्लग (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) घेऊन येतात, कारण दुकानात तेच देखणे दिसतात. स्ट्रायपर वाळूवर आला की कधी कधी पोटातलं ओकतो. एकदा माझ्या पायाशी असाच एक आला आणि त्याच्या तोंडातून तीन सँड ईल निसटले, एक तर वळवळत होता. त्यानंतर मी पेटीतला सगळ्यात बारीक धातूचा ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, काढून लावला. मासे खात असतील तेवढ्या आकाराचं द्या, मोठं दिलं म्हणून मोठा येतो असं नाही.

पक्षीही बघा. सीगल पाण्यावर नुसते बसलेले असतील तर जेवण उरकलं किंवा अजून लागायचंय. काळ्या टोकांच्या पंखांचे पांढरे गॅनेट उंचावरून बाणासारखे पाण्यात शिरत असतील तर खाली बंकर आहेत. ते दूर असले तर बघायची मजा घ्या, नशिबात असेल तर हंपबॅक व्हेलही दिसेल, तोही त्याच बंकरवर आलेला असतो. जवळ असले तर मात्र घाई करा.

वाऱ्याचं विचाराल तर पश्चिमेचा वारा पाठीवर येतो, गळ लांब जातो आणि समुद्र इस्त्री केल्यासारखा होतो. माणसाला सुख, स्ट्रायपरला फारसं नाही, त्याला खळबळ आवडते. ईशान्येचा वारा थोडा असेल तर बेत तसाच ठेवा. अल मॅकरेनल्ड्सने ७८ पौंड ८ औंसांचा स्ट्रायपर काढला तो अटलांटिक सिटीच्या जेटीवर, २१ सप्टेंबर १९८२ च्या वादळी रात्री. तो जागतिक विक्रम २०११ पर्यंत टिकला, मग कनेक्टिकटमध्ये ८१.८८ पौंडांचा निघाला. वहिनींना हे सांगू नका. आपण जेटीवर जाणार नाही, वादळात तर नाहीच.

अण्णा

*

प्रेषक: फ्रीहोल्डकर ताई
विषय: लायसन्स, मुलं, वेडर्स

नमस्कार सगळ्यांना,

तीन जणांनी मला वेगळा मेल करून तेच विचारलं म्हणून इथेच लिहिते. न्यू जर्सीत समुद्रात मासे धरायला विकतचं लायसन्स लागत नाही, पण राज्याच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. सोळा वर्षं आणि वरच्यांनी, दरवर्षी, फुकट, ऑनलाइन. मेल वाचता वाचता करून टाका. गोड्या पाण्याचं लायसन्स वेगळं, ते असलं तरी ही नोंदणी करायचीच.

वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालणाऱ्यांनी कमरेचा पट्टा आवळून बांधायचा. लाटेने पाडलं तर पट्ट्यामुळे पाणी आत भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात उठता येतं. मुलं ओल्या वाळूच्या रेषेपलीकडे जाणार नाहीत. ज्या खिंडीचं अण्णा एवढं कौतुक करतायत, तीच ओढ माणसालाही बाहेर नेते, हे त्यांच्या उत्साहात राहून गेलं.

फ्रीहोल्डकर ताई

*

प्रेषक: टॉम्स रिव्हरकर
विषय: ३४ इंची मासा सोडायचा कशाला?

मंडळी,

विषय निघालाच आहे तर माझी तक्रार नोंदवतो. मागच्या हंगामात चौतीस इंची स्ट्रायपर लागला. आयुष्यातला सगळ्यात मोठा. हात थरथरत होते. आणि शेजारचा म्हणतो, सोडा, फार मोठा आहे. लहान मासा सोडायचा हे समजतं. मोठा सोडायचा हा कुठला न्याय?

टॉम्स रिव्हरकर

*

प्रेषक: फ्रीहोल्डकर ताई
विषय: उत्तर: ३४ इंची मासा सोडायचा कशाला?

दादा, वाईट वाटणं साहजिक आहे, पण शेजारचा बरोबर होता. माणशी दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधला. ३१ ची वरची मर्यादा २०२३ मध्ये तातडीने घातली, कारण २०२२ मध्ये हौशी लोकांनी घरी नेलेल्या स्ट्रायपरची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी तेव्हा त्या वेळच्या मापात आली होती.

आणि तुमचा चौतीस इंची ‘तो’ बहुधा ‘ती’ होती. सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी देते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या घरात. म्हणून मोठी सोडायची. एरवी हा न्याय उलटा वाटला तरी चाललं असतं, पण चेसापीक उपसागरात, म्हणजे यांच्या अंडी घालायच्या मोठ्या जागी, पिल्लं फारशी होत नाहीयेत. मेरिलँड दर उन्हाळ्यात जाळं टाकून पिल्लांची मोजणी करतं. दीर्घकाळची सरासरी आहे एका जाळ्यामागे ११ च्या आसपास. २०२३ ला आकडा आला १. २०१९ ते २०२५ एकही वर्ष सरासरीला पोचलं नाही. आज जे मोठे मासे आहेत, त्यांच्या मागे रांगेत फारसं कुणी उभं नाही. १९८५ ला मेरिलँडने स्ट्रायपर पकडायला सरसकट बंदीच घातली होती, ती उठायला १९९० उजाडलं. तशी वेळ परत यावी असं तुम्हालाही वाटत नसेल.

निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या संकेतस्थळावर माप परत बघा, हे नियम बदलत असतात. घरी नेणार असाल तर खाण्याबद्दलचा राज्याचा सल्लाही तिथेच आहे. माशात साठणाऱ्या पीसीबी या विषारी रसायनांमुळे मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी तो अगदी कडक आहे.

फ्रीहोल्डकर ताई

*

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: ३४ इंची मासा सोडायचा कशाला?

ताईंनी आकडे दिले, मी हातांचं सांगतो. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं नाही. शास्त्रज्ञ हिशोबात शंभरातले नऊ मेले असं धरतात, आणि हे नऊ कमी करणं आपल्या हातात असतं.

खरं आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ), तोही टोक बाजूला न वाकवलेला, हा नियम आहे. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. दोरी ताणली की झटका मारायची आपल्याला खोड असते. सर्कल हुकला झटका दिलात तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. नुसती रील फिरवत राहा, तो आपला आपण बसतो. ल्युअरला हा नियम नाही, पण तिथेही मी तिहेरी हुक काढून एकेरी लावतो, काट्यांचे दात मोडून. मासा जास्त निसटतो असं कुणी म्हणेल तर म्हणू दे, माझी बोटं शाबूत राहतात.

मासा जवळ आला की कोरड्या वाळूवर फरफटत आणू नका. लाट येते तिच्याबरोबर त्याला आत घ्या, लाट परतते तेव्हा तो ओल्या वाळूवर टेकलेला असतो. हात आधी पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवलेले फोटो आपण सगळ्यांनी बघितले आहेत. तसं करू नका, त्याचं सगळं वजन मानेवर येतं. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, आडवा. फोटो काढणारा आधीच तयार हवा. मग पाण्यात जा, तोंड लाटेकडे करा आणि शेपटी सैल धरून थांबा. दोन-तीन लाटा काहीच होत नाही, नुसते कल्ले उघडमीट करतात. मग शेपटीला एकदम जोर येतो आणि तुमच्या तोंडावर पाणी उडतं. त्याच्याआधी सोडायचं नाही.

ब्लूफिश लागला तर हे सगळं पक्कड हातात घेऊन. त्याला दात आहेत आणि तो ते वापरतो.

अण्णा

*

प्रेषक: सचिव
विषय: सुधारित वेळापत्रक, कृपया हेच धरावे

मंडळी,

अण्णा आणि ताईंचे आभार. कार्यकारिणीने रात्री फोनवर ठरवलं ते असं.

अकराला जमायचं, किनारा बघायला, रॉडशिवाय. जेवण साडेबाराला. अडीच ते अंधार पडेपर्यंत मासेमारी. हेडलॅम्प आणावा, परत येताना वाट दिसत नाही. माप घ्यायची पट्टी आणि पक्कड प्रत्येक गटात एक तरी हवी. नोंदणी झाल्याचा मेल फोनवर ठेवा. ईशान्येचा वारा फार वाढला तर आदल्या रात्री कळवू, तो निर्णय ताई घेतील, अण्णा नाही.

रॉड नसलेली सात घरं आहेत. नऊ-दहा फुटी रॉड, स्पिनिंग रील आणि तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) असलेला जादा सेट कुणाकडे असेल तर बुधवारपर्यंत सांगा. एडिसनकरांनी दोन कबूल केले आहेत, पण जाडजूड प्लग लावलेले. बारीक धातूचे ल्युअर कोण आणतंय?

सचिव