जुना पिकअप ट्रक घेताना दाराच्या चौकटीवरचा आकडा

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाचे मखर, ध्वनियंत्रणा आणि रंगमंचाचे सामान असलेला मंडळाचा ट्रेलर यंदापासून ओढून नेण्याचे आम्ही कबूल केले आहे. सामानासह त्याचे वजन सुमारे ७,००० पौंड भरते. त्यासाठी डेट्रॉइटजवळच्या एका डीलरकडे २०१८ सालचा फोर्ड एफ-१५० पाहिला आहे: साडेतीन लिटरचे इकोबूस्ट इंजिन, चार दारे, वर काचेचे छत. हा ट्रक दहा हजार पौंड सहज ओढेल, असे विक्रेता सांगतो. शनिवारी सही करण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

सप्रेम नमस्कार.

सही करण्याआधी चालकाचे दार उघडून चौकटीवरचे टायर व भाराचे लेबल अवश्य वाचावे. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर त्या विशिष्ट ट्रकपुरता छापलेला असतो. ओढण्याची क्षमता वेगळी आणि अंगावर वाहण्याची क्षमता वेगळी. कुटुंबासाठी घेतलेल्या ट्रकमध्ये बहुधा दुसरीच आधी संपते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडणीवर) येतो आणि तोही लेबलवरच्या आकड्यात धरावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ७०० ते १,०५० पौंड. त्यात चार मोठ्या माणसांचे ६५० पौंड मिळवून पाहा. काचेचे छत, फोर-व्हील ड्राइव्ह अशी प्रत्येक सोय याच आकड्यातून वजा होत असल्याने महागडा ट्रक पुष्कळदा साध्या ट्रकपेक्षा कमी वजन वाहतो.

दुसरी काळजी गंजाची. २०१५ पासून एफ-१५०ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, परंतु खालची फ्रेम पोलादीच आहे. मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ आठ हिवाळ्यांत तिचे काय करते, हे वरच्या चकचकीत पत्र्यावरून कळत नाही. विजेरी घेऊन खाली वाकून पाहा. काळा रंग नुकताच फवारलेला दिसला, तर त्याखाली काय आहे याची चौकशी करा. तसेच, तुम्ही पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच कळवा. त्या काळातील या इंजिनांत कॅम फेझर (झडपांची वेळ बदलणारा भाग) झिजल्यास, थंड इंजिन सुरू होताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येते. ती दुरुस्ती खर्चिक असते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात: खिडकीवर ‘बायर्स गाइड’ (वॉरंटीची माहिती देणारा कागद) लावणे डीलरला संघीय नियमाने बंधनकारक आहे. त्यावर ‘ॲज इज’ची (आहे त्या स्थितीत, वॉरंटीशिवाय विक्रीची) खूण असेल, तर नंतरचा खर्च तुमचा, म्हणून तोंडी आश्वासन त्याच कागदावर लिहून घ्यावे. तीन दिवसांत गाडी परत करता येते, हा आपल्याकडे पसरलेला समज डीलरच्या आवारात केलेल्या खरेदीला लागू नाही. सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घातल्यास अपूर्ण राहिलेले रिकॉल (सुरक्षेतील दोषासाठी कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या) विनामूल्य समजतात. कर्जाची मंजुरी आपल्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) आधीच आणावी.

---

सप्रेम नमस्कार.

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. लेबलवर १,३४० पौंड निघाले, म्हणजे चौघे बसून ट्रेलर जोडला की भार अगदी कमी धरूनही मर्यादा ओलांडली जाते. तो ट्रक आम्ही सोडला. त्याच आवारात साध्या आसनांचा, १,८२० पौंडांचा एक एफ-१५० आहे. मंगळवारी तो आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेऊन फ्रेम खालून तपासून घेणार आहोत. डीलरने त्यास लेखी संमती दिली आहे.