खोल समुद्रातला जुना कार्बन: चिवट की नुसता विरळ?

भरतीओहोटी: खोल समुद्राच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन असतो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ४० मायक्रोमोलच्या आसपास. पण सगळे महासागर धरले की आकडा ६६० अब्ज टनांच्या घरात जातो. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात त्याचं सरासरी रेडिओकार्बन वय (किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलेलं) सुमारे ६००० वर्षं. पाणी एकदा ढवळून निघायला हजारेक वर्षं लागतात, म्हणजे हा माल कित्येक फेऱ्या पुरून उरतो. माझ्या मते कारण रचनेत आहे. कार्बोक्सिल (–COOH) गटांनी भरलेली, एकमेकांत अडकलेली वलयं जिवाणूंना फोडता येत नाहीत.

खाजण: ती रचना दिसली कशी, ते आधी बघा. पाणी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणून पीपीएल कार्ट्रिजमधून (सेंद्रिय रेणू धरून ठेवणाऱ्या राळेच्या नळीतून) सोडतात, पीएच २ च्याच शुद्ध पाण्याने मीठ धुतात, नायट्रोजनने सुकवतात आणि मिथेनॉलने उतरवून घेतात. हाती लागतो साधारण निम्मा कार्बन. शर्करेसारखे पाणीप्रिय रेणू मिठाबरोबर मोरीत! चाळणीत अडकलं त्यावरून सगळ्या पिठाची जात ठरवताय तुम्ही. अर्धा मिलिग्रॅम हजारो प्रकारच्या रेणूंत वाटला की एकेकासाठी वेगळं एन्झाइम बनवणं जिवाणूला परवडत नाही, एवढंच. २०१५ मध्ये आरिएता आणि सहकाऱ्यांनी खोल पाण्यातले हे पदार्थ संहत (दाट) करून दिले, तर जिवाणू वाढले.

भरतीओहोटी: वाढले, पण ६००० ही सरासरी आहे, खाल्ला तो त्यातला तरुण भाग नसेल कशावरून? आणि ग्लुकोज नॅनोमोलमध्येही (मायक्रोमोलच्या हजाराव्या भागात) फस्त होतो, तिथे विरळपणा आडवा येत नाही. शिवाय खोल पाणी नुसतं उन्हात ठेवा: एकूण कार्बन जवळपास तेवढाच, तरी पायरुवेटसारखे छोटे तुकडे सुटतात आणि जिवाणू खातात. बदलली ती रचनाच ना?

खाजण: ग्लुकोज सगळीकडे सापडतो, म्हणून त्याचा वाहक (पेशीत ओढून घेणारं प्रथिन) बाळगणं फायद्याचं. आणि उन्हाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! हजार वेगळे रेणू तुटून मोजके, तेच ते तुकडे होतात, म्हणजे एकेका प्रकाराची संहती वाढते. हे मात्र मान्य, की यावरून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही. दोन्ही परिणाम एकाच प्रयोगात गुंतलेत.

नवशिका: माहीमच्या खाडीच्या पाण्याचा सीओडी (सेंद्रिय पदार्थांचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) काढून या खोल पाण्यातल्या कार्बनशी तुलना करता येईल का?

रसायनी: नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅम क्लोराइड. सीओडी चाचणीतलं डायक्रोमेट त्याचंही ऑक्सिडीकरण करतं. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालूनही अर्ध्या मिलिग्रॅमचा पत्ता लागणार नाही. शिवाय खाडीत सांडपाणी, तो ताजा कार्बन.
विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजायचा तर ४५० अंशांवर भाजलेल्या काचतंतूच्या फिल्टरने गाळा, आम्ल घाला, कार्बन डायऑक्साइडविरहित वायूचे बुडबुडे सोडा, मग ७०० अंशांच्या आसपास प्लॅटिनमवर जाळा. बुडबुड्यांत कंजुषी नको: अजैव कार्बन २००० मायक्रोमोलच्या वर असतो, त्यातला १ टक्का उरला तरी २० मायक्रोमोल, म्हणजे जे मोजायचंय त्याच्या निम्मं. यंत्राचा स्वतःचा ब्लँकही (नमुन्यात कार्बन नसतानाही दिसणारा आकडा) वजा करा. १९८८ मध्ये सुगिमुरा-सुझुकी या जपानी संशोधकांचे या कार्बनचे फुगलेले आकडे गाजले, ते १९९३ मध्ये मागे घ्यावे लागले.