पाच नद्या तोंडपाठ, पण पूर का ओसरत नाही ते सांगता येत नाही

भूगोलवाला (कोल्हापूर)

पंचगंगा कुठल्या नद्यांची बनते असं नववीच्या वर्गात विचारलं की सगळे एका सुरात सांगतात: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हेही पाठ. मग मी विचारतो, शहरात उघडीप पडली तरी पाणी का हलत नाही? वर्ग गप्प. यातल्या कितीतरी मुलांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर स्वतः बघितलाय.

उत्तर अवघड नाही, फक्त तुकडे जोडावे लागतात. आपल्याकडे ऊन पडलं तरी घाटमाथ्यावर पाऊस चालूच असतो. राधानगरी धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून आपल्याकडे येतं. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच दुथडी भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, ते मागं फुगत जातं. एवढं कळलेल्या मुलाला पाच नावं घोकावी लागत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. चार धडे कमी झाले तरी चालतील, पण जे शिकवायचं ते मुळापर्यंत शिकवावं.

अभ्यासिका_करवीर

सर, पटतंय, पण आमच्या जागी बसून बघा. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला दोन तासांत १०० प्रश्न. एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. नदी कुठं उगम पावते, कोणत्या साली कोणता कायदा आला, असलं विचारतात. तिथं पंचगंगा का फुगते याचा विचार करत बसलो तर पुढचे दहा प्रश्न राहून जातात. गावाकडनं महिन्याला पैसे येतात ते किती दिवस येणार? मी एका विषयात खोल जाऊन बाकीचे सोडले तर कटऑफ माझ्यासाठी थांबणार नाही. परीक्षा वरवरचं विचारते, तर अभ्यासही तसाच करावा लागतो.

शिरोली_फौंड्री

परीक्षेचं तुम्ही बघा, मी कामाचं सांगतो. आमच्या फौंड्रीत डिप्लोमा झालेली पोरं येतात. ब्लो होल (धातू ओतताना वायू अडकून पडणारं भोक) म्हणजे काय ते घडाघडा सांगतात. पण कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भोकं पडून माल परत आला की हात बांधून उभी. वाळूत मॉइश्चर जास्त झालंय का, कोअर (आतल्या पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) नीट भाजला नाही का, वायूला बाहेर पडायला वाट ठेवली होती का, हे एकेक करून तपासायचं असतं. व्याख्येत ही सगळी कारणं आहेत, पण व्याख्या पाठ केली तेव्हा कुणी ती साच्याशी जोडून दाखवलीच नाही. मी भूगोलवाल्या सरांच्या बाजूचा.

बालवाडी_ते_सातवी

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. पाठांतराला इतकं हिणवू नका, मला ते सहन होत नाही. पाढे आले नाहीत तर मूल भागाकार समजून घेणार कधी? सगळं डोकं गुणाकारातच अडकून पडतं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे आठवणीवर मेहनत घेणं हा उथळपणा नव्हे.

आणखी एक. ‘मुळातून शिका’ हे ज्याच्या घरी समजावून सांगणारं कुणी आहे त्याला सोपं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या लेकराला आधी पाठ असलेल्या चार गोष्टींचाच आधार असतो.

भूगोलवाला (कोल्हापूर)

बाई, तुमचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यामुळेच मी शाळेवर जोर देतोय. घरी सांगणारं कुणी नाही, त्या मुलाला ‘का’ हा प्रश्न वर्गातच भेटायला हवा. नाहीतर तो कुठंच भेटणार नाही. पाढ्यांना माझा विरोध नाही. पाठ झालं म्हणजे शिकवून झालं, या समजाला आहे.

करवीर, तुला एवढंच विचारतो. पूर्वमध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. चारपैकी दोन पर्याय सारखेच वाटतात तेव्हा नुसती यादी पाठ असलेला अंदाज मारतो. नदीचा मार्ग डोळ्यांसमोर असलेला एक पर्याय खोडू शकतो. शिवाय राज्यसेवा मुख्य आता २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिथं कारणं लिहावी लागणार, नुसती नावं लिहून पान भरत नाही.

अभ्यासिका_करवीर

पर्याय खोडायचं मान्य, सर. नृसिंहवाडीचं आज नकाशावर बघून घेतो. पण मुख्यचं पान लिहायला आधी पूर्व निघायला पाहिजे, आणि तिला दोन महिने उरलेत. माझं वेळापत्रक मी बदलत नाही.