बंदुकीचे कायदे गुन्हेगार पाळतो का?

निवांत: अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की ‘कायदे कडक करा’ सुरू होतं. पण खून करायला निघालेला माणूस दुकानात फॉर्म भरत बसेल? तिथल्या न्याय विभागाने 2016 साली कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांतल्या सुमारे 43 टक्क्यांनी ती चोरबाजारातून आणलेली. दुकानातून वगैरे घेणारे जेमतेम 10 टक्के. म्हणजे गिऱ्हाइकाच्या गुन्हेगारी रेकॉर्डच्या तपासणीचा जाच फक्त सरळमार्गी माणसाला.

तिरपागडा: दुकानात तपासणी होते म्हणूनच ते तिथे फिरकत नाहीत की हो! आणि चोरबाजारात माल येतो कुठून? बहुतेक बंदुका आधी कुठल्यातरी दुकानात रीतसर विकल्या गेलेल्या असतात. मग चोरीला जातात, किंवा स्वच्छ रेकॉर्डवाला दोस्त आपल्या नावावर घेऊन देतो. 1993 चा ब्रेडी कायदा परवानाधारक विक्रेत्यालाच तपासणी करायला लावतो. दोन खासगी माणसांनी आपापसात व्यवहार केला, तर कित्येक राज्यांत कुणी विचारत नाही. एवढं भगदाड ठेवायचं आणि वर कायदा कुचकामी म्हणायचं!

निवांत: मग मेक्सिको घ्या. कायदा कडक, बंदुकांची दुकानं अख्ख्या देशात दोन, तीही लष्कराची. तिथल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचं, कार्टेलवाल्यांचं, काही अडलं?

तिरपागडा: कसं अडेल? उत्तरेच्या सीमेपलीकडे दुकानंच दुकानं. मेक्सिको सरकारने याच कारणासाठी अमेरिकी बंदूक कंपन्यांवर खटला भरला होता. 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने निकालात काढला, कारण 2005 च्या कायद्याने कंपन्यांना संरक्षण आहे.

कोपरखळी: जपानबद्दल कुणीच बोलत नाही. 2022 मध्ये तिथले माजी पंतप्रधान शिंझो आबेंना मारणाऱ्याने बंदूक घरी बनवली होती.

तिरपागडा: विकत मिळाली असती तर बनवत बसला असता का? तिथल्या याकुझा टोळ्यांतले गुंडसुद्धा बंदूक बाहेर काढताना दहादा विचार करतात. शिक्षा जबर, शिवाय टोळीतल्याच्या कृत्याची भरपाई म्होरक्यालाही भरावी लागू शकते.

निवांत: जपानात बंदुका मुळातच नगण्य. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त. ऑस्ट्रेलियाने 1996 नंतर साडेसहा लाखांच्या आसपास परत विकत घेतल्या. अमेरिकेत चाळीस कोटींच्या घरात आहेत. त्या कोण गोळा करणार?

कोपरखळी: सगळ्या गोळा कशाला करायच्या? खासगी विक्रीला तपासणी लावा, चोरीची तक्रार सक्तीची करा. काही राज्यांत हे आहेच.

निवांत: आणि शेजारच्या राज्यात नाही. दोन तास गाडी चालवली की काम झालं.

तिरपागडा: म्हणून तर कायदा देशभर एकच हवा!